कोपरा जोडलेलं पत्र

साताऱ्यात लोक मला रद्दीशास्त्री म्हणत. पाठीमागे म्हणाले असते तर एक वेळ चाललं असतं, पण पोस्टमनसुद्धा पत्ता न वाचता 'रद्दीशास्त्री, घ्या' म्हणून टपाल आत भिरकावायचा. त्यातली रद्दी खरी होती. शास्त्री चिकटलं ते पाटीमुळे. मोती चौकाच्या मागच्या बोळात माझं दुकान होतं आणि दारावर मी स्वतःच्या हातानं रंगवलं होतं, 'जुनी शास्त्रीय नियतकालिके व हस्तलिखिते'. इंटर सायन्सला दोनदा आपटलेल्या माणसाला शास्त्राशी नातं ठेवायचं तर आणखी काय करणार? रसायनाच्या प्रात्यक्षिकाला माझ्या हातची परीक्षानळी परीक्षकांच्या कोटावर उपडी झाली, तेव्हाच शास्त्रानं मला बाहेरचा रस्ता दाखवला होता. मी मागच्या दारानं पुन्हा शिरलो, एवढंच.

धंदा असा होता. शास्त्राची मासिकं सुटी खपत नाहीत. कॉलेजातल्या प्रोफेसरांना किंवा कारखान्यातल्या केमिस्टला आख्खं वर्ष लागतं, बारा अंक, मध्ये खाडा नको. एक अंक नसला की उरलेले अकरा नुसते पडून राहतात. त्यामुळे आमचं खरं काम विकण्याचं नाहीच, हरवलेला अंक हुडकण्याचं. फलटणकडच्या एका केमिस्टसाठी मी मार्चचा एक अंक सात महिने शोधत होतो. तो शेवटी शिरवळला एका चहाच्या दुकानात सापडला, टेबलाच्या आखूड पायाखाली, चौघडी घातलेला. मालक अंक द्यायला तयार होता, पण टेबल डुगडुगेल म्हणाला. मग मी सुताराकडून त्या पायाच्या मापाची चकती करून आणली. त्या दिवशी मी स्वतःला फार मोठा संशोधक समजलो होतो.

माल यायचा तो पेन्शनीत गेलेले डॉक्टर, इंजिनिअर, शेतकी खात्यातले साहेब यांच्याकडून. हयात असेपर्यंत ही मंडळी एक अंक हाताला लागू देत नाहीत, आणि गेल्यावर घरच्यांना तो ढीग एक दिवस नको असतो. तेराव्याच्या आत कुणाच्या दारात जायचं नाही, हा माझा नियम. चौदाव्या दिवशी मात्र मी हजर. यातून माझी अशी काही ख्याती झाली की मी सहज एखाद्या गल्लीत शिरलो तरी बाया दार अर्धं उघडून विचारायच्या, कोण गेलं? आमचे सासरे आजारी होते तेव्हा मी त्यांना बघायला गेलो, तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि मी उठेपर्यंत इकडे केलं नाही.

लढाई सुरू होती. कागद मिळेनासा झाला होता आणि वाणीलोक पुड्या बांधायला वाटेल तो कागद उचलत होते. अशात एका सकाळी फौजदारसाहेब दोन शिपाई घेऊन माझ्या दुकानात आले. माझ्याकडे जर्मन मासिकांची चळत आहे अशी कुणीतरी खबर दिली होती. खबर खरी होती. त्यांनी एक अंक उघडला, त्यातल्या षट्कोनी आकृत्या बघितल्या आणि विचारलं, हा कसला नकाशा? मी म्हटलं, साहेब, बेन्झिनचा असावा. ते म्हणाले, असावा म्हणजे? तुम्हाला जर्मन येतं की नाही? नाही म्हटलं. मग लावता कसं, विकता कसं, हा पुढचा प्रश्न. मी खरं ते सांगितलं: पिवळं वेष्टन ते रसायन, राखी ते वनस्पती, निळसर ते पदार्थविज्ञान, जाडीवरून वर्ष कळतं, वासावरून कुठल्या कपाटातून आलं ते कळतं, आत काय लिहिलंय ते मी बघत नाही. फौजदारसाहेबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि शिपायांना म्हणाले, "चला. असला हेर ठेवायला जर्मन काही खुळे नाहीत." माझ्या चारित्र्याचा असा दाखला मला पुढं कुणी दिला नाही.

पत्रांचा नाद मासिकांतूनच लागला. लोक पत्रं मासिकांत खुणेला घालत आणि विसरत. आधी मी ती झटकून टाकायचो. मग कळलं की त्यालाही गिऱ्हाईक आहे. कुणाला तिकिटं हवी असत, कुणाला मोडी अक्षर, आणि सांगलीच्या डॉक्टर माईणकरांना हवी असत शिपाईगड्यांची पत्रं. डॉक्टर पेन्शनर, राहायला गावभागात. मागच्या मोठ्या लढाईत आमच्या भागातले हजारो गडी बसऱ्याकडे गेले होते आणि त्यांनी घरी धाडलेली पत्रं डॉक्टर जमवत होते. ती एकत्र राहावीत, नाहीतर वाण्याच्या पुड्यांत जातील, असं ते तळमळून सांगत. माणूस सज्जन, पण चोखंदळ. डाग पडलेलं, चुरगळलेलं पत्र बघितलं की त्यांचं तोंड कडू व्हायचं.

आता खेड्यातली पत्रं कशी असतात? चुलीवरच्या आढ्याला खोचलेली, धुरानं तांबूस झालेली, हळदीची बोटं लागलेली, उंदरानं कुरतडलेली. डॉक्टरांना ती पसंत पडेनात. आणि नेमकं त्याच सुमारास मला एका विलायती रसायनाच्या अंकात जुन्या कागदावरचे डाग काढण्याची कृती सापडली. आयुष्यात समजलेला तो माझा पहिला शास्त्रीय लेख. मी हुरळून गेलो. ब्लीचिंग पावडरीचं निवळ पाणी, मग फोटोवाल्यांचा हायपो, मग साधं पाणी, मग टीपकागद, वर कोमट इस्त्री. पहिलं पत्र शाईनं लिहिलेलं होतं. ते इतकं स्वच्छ झालं की त्यावर काहीच उरलं नाही. पुढं मी शहाणा झालो आणि फक्त शिसपेन्सिलीची पत्रं घ्यायला लागलो. त्यांचा कागद पांढरा व्हायचा आणि अक्षर तसंच राहायचं. कुरतडलेल्या जागी पतंगाचा कागद चहाच्या पाण्यात रंगवून तवकिलीच्या खळीनं जोडायचो. जोड बोटाला लागायचा नाही. इंटर सायन्सच्या परीक्षकांनी तो बघायला हवा होता, असं मला फार वाटायचं.

डॉक्टर खूष झाले. "तीस वर्षं इतकी जपलेली पत्रं! आपल्या लोकांना किंमत कळते हो," असं म्हणाले. मी मान हलवली. ती मान मला पुढं महाग पडली.

कोरेगावाकडच्या एका गावचा एक गडी बांबूचं नळकांडं घेऊन आला होता. आत गुंडाळी केलेली तेरा पत्रं. चुलत्याची होती, चुलता बसऱ्याला गेला तो तिकडंच राहिला, घर सारवायला काढलंय तर ही अडगळ सापडली म्हणाला. मी तेराच्या तेरा धुतली, गुंडाळीची वळणं इस्त्रीनं मोडली, एका पत्राचा कोपरा गेला होता तो जोडला, आणि सांगलीला पोचती केली. वाचली म्हणाल तर नाही. तारीख आणि ठिकाण तेवढं बघितलं. मासिकं जशी विकत होतो तशीच ही विकली.

महिन्याभरानं दुकानाच्या पायरीवर एक बाई येऊन बसली. पन्नाशीच्या आतबाहेरची, विटकं लुगडं, कपाळ मोकळं. आत या म्हटलं तरी पायरी सोडेना. नाव हौसाबाई. पुतण्यानं नळकांडं विकलं तेव्हा ती रानात होती. बाकीची बारा तुम्हीच ठेवा म्हणाली, भांडली नाही. फक्त एक पत्र मागत होती.

"आवं दादा, एकच द्या. कोपरा फाटल्यालं."

मी जागच्या जागी थंड झालो. हे वाचणाऱ्यांत जे शहरात वाढले त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे मरणाची खबर देणाऱ्या पत्राचा कोपरा फाडून मग ते पेटीत टाकतात. घेणाऱ्यानं पहिल्या नजरेत समजावं म्हणून. आणि वाचून झालं की ते घरात ठेवत नाहीत, फाडून टाकतात. त्यामुळे हजारो पत्रं माझ्या हातून गेली तरी असलं पत्र माझ्याकडे कधी आलंच नव्हतं. आणि आलं तेव्हा, पोराटोरांना कळते ती गोष्ट मला कळली नाही. मला वाटलं, उंदीर.

हौसाबाईनं सगळं तिथंच पायरीवर सांगितलं. ते पत्र नवऱ्याच्या जोडीदारानं लिहिलं होतं, त्याच गावच्या, त्याच पलटणीतल्या. ते आलं तेव्हा तिचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. सासऱ्यानं ते वाचून घेतलं आणि फाडायला काढलं. तिनं त्याच्या हातातून ओढून घेतलं. सगळ्या भावकीनं नावं ठेवली, अपशकुनी म्हणाले, पण तिनं दिलं नाही. तेव्हापासून दर वर्षी नवऱ्याच्या तिथीला ती शाळेच्या मास्तरांकडं जायची आणि तेवढं पत्र वाचून घ्यायची. मास्तर बदलत गेले, तिचं जाणं चुकलं नाही. आता तिथी आठ दिवसांवर आली होती.

मी तिला दुसऱ्या दिवशी सांगलीला घेऊन निघालो. कोळशावर चालणारी सर्व्हिस मोटार चढ लागला की उतारूंना खाली उतरवायची, तेव्हा स्टेशनापर्यंत आम्ही बरंचसं चालतच गेलो. तिथून मिरजेची गाडी, तिथून सांगली. वाटेत मी तिला पत्र धुतल्याचं सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडायचो आणि ऊन फार आहे म्हणायचो. ती व्हय म्हणायची.

डॉक्टरांनी आम्हाला ओटीवर बसवलं, चहा सांगितला. मी सगळी हकीकत सांगितली, एक सोडून. त्यांनी कपाटातून आल्बम काढला. जाड पुठ्ठ्याचा, प्रत्येक पानावर एक पत्र, चार कोपरे चार खाचांत बसवलेले. शिपाईगडी कवायतीला उभे केल्यासारखे. तीन गावांची पत्रं मीच तारीखवार लावून एकात एक मिसळून दिली होती. हौसाबाईच्या मांडीवर आल्बम ठेवला.

तिनं पहिलं पत्र बोटांनी चाचपलं. मग वाकून वास घेतला. दुसऱ्याचा घेतला. मी समोर बसून बघत होतो आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापत होत्या. तिला अक्षर येत नव्हतं. तिचं एक पत्र हळदीच्या बोटाचं होतं, एक तेल सांडलेलं, एक मधोमध दुमडून फाटायला आलेलं, आणि ते एक कोपरा नसलेलं. सगळ्यांना तिच्या चुलीचा धूर. यातलं मी काही म्हणता काही ठेवलं नव्हतं. सगळी पांढरी, सगळी सपाट, सगळ्यांना हायपोचा वास. ती शेवटच्या पानापर्यंत गेली. पुन्हा पहिल्यापासून आली.

"माजं ह्यात न्हाई," ती म्हणाली आणि आल्बम मिटला.

डॉक्टरांना हायसं वाटलेलं दिसलं. माणूस वाईट नव्हता. पण एक पान रिकामं करायचं जिवावर आलं होतं. तरी त्यांनी विचारलं, बाई, नवऱ्याचं नाव सांगा, मी नावावरून काढतो. हौसाबाईनं मान खाली घातली. तीस वर्षांत तिनं ते नाव घेतलं नव्हतं, परक्या ओटीवर कुठून घेणार? जोडीदाराचं तरी नाव, म्हटलं, तर तो नात्यानं थोरला दीर. तेही नाव तोंडातून निघेना. पुतण्यानं मला चुलत्याचं नाव सांगितलेलं होतं, आणि ते माझ्या वहीत साताऱ्याला होतं. मला आठवत नव्हतं. पिवळं वेष्टन, राखी वेष्टन, एवढंच माझं डोकं.

पत्र कुठलं ते मला मात्र ठाऊक होतं. जोड बोटाला लागत नसला तरी जोडणाऱ्याला दिसतो. सातव्या पानावर होतं. नुसतं बोट दाखवायचा अवकाश होता. पण बोट दाखवलं की डॉक्टर विचारणार, कोपरा फाटका कुठं आहे? मग जोडल्याचं सांगावं लागणार, मग धुतल्याचं, मग आजवर दिलेल्या सगळ्या पत्रांचं. माझं असलंनसलं नाव त्या ओटीवर जाणार होतं. खरं सांगतो, मी तो आख्खा चहा संपवला. बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश. तेवढ्यात ही बाई उठली, निघाली, तर बरं, असंही माझ्या मनात येऊन गेलं. याची लाज मला अजून वाटते.

ती उठलीच. पदर सावरला, डॉक्टरांना हात जोडले आणि मला म्हणाली, "चला दादा. तुमचा दिस मोडला माज्यापायी."

ते ऐकलं आणि माझ्यानं बसवेना. मी आल्बम ओढून घेतला, सातवं पान उघडलं आणि एका दमात सगळं ओकलो. ब्लीचिंग पावडर, हायपो, इस्त्री, पतंगाचा कागद, तवकील. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पत्र उजेडात धरलं. जोड त्यांना दिसला.

मग त्यांनी विचारलं, "माझ्याकडच्या किती पत्रांना तुम्ही हे औषध दिलंत?"

मी म्हटलं, जवळजवळ सगळ्यांना. त्यांनी ते पत्र खाचांतून सोडवून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, वाचून दाखवा त्यांना, माझ्यानं वाचवणार नाही.

हौसाबाईचा अजून विश्वास बसत नव्हता. ती दाराशी उभीच होती. मी वाचायला लागलो. मोडी होती, शिपायाच्या हातची, आडवीतिडवी. 'तीर्थरूप आबांस' एवढं वाचून अडखळलो, तर पुढचं तिच्या तोंडून आलं. मी एक ओळ वाचावी, दुसरी तिनं म्हणावी. कुठल्या गावाजवळ छावणी होती, ताप कधी चढला, पाणी कुणी पाजलं, सगळं तिला तोंडपाठ. शेवटी लिहिलं होतं की जाण्याआधी शुद्धीत होता तेव्हा घरची आठवण काढली आणि म्हणाला, बांधावरचं आंब्याचं रोप जगलं का ते मंडळींना विचार आणि मला कळव.

ही ओळ मात्र ती माझ्या आधी बोलली नाही. ती मी वाचून संपवायची वाट बघत थांबली होती. दर वर्षी मास्तरांच्या पुढ्यात अशीच थांबत असणार.

"जगलं," ती म्हणाली. "लय आंबं येत्यात."

मग माझ्या हातातून पत्र घेतलं, उजेडात धरून जोड शोधला, आणि नखानं उचकटून माझा तो चहानं रंगवलेला कोपरा काढून टाकला. मीच केलेलं काम, पण इतकं सहज निघालं. कोपरा गेल्यावर तिनं पत्राची गुंडाळी केली, कमरेच्या पिशवीत घातली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. बाकीची बारा डॉक्टर द्यायला लागले तर नको म्हणाली, ऱ्हाऊ द्या, तुमी नीट ठेवलीयात. डॉक्टरांना तेव्हा कुठं तोंड लपवावं ते कळेना. मला तर कधीचंच कळत नव्हतं.

डॉक्टरांनी त्यानंतर माझ्याकडून एकही पत्र घेतलं नाही. मासिकं घेत राहिले. त्या दिवशीसुद्धा निघताना त्यांनी कोपऱ्यातली एक चळत दाखवली, नको झालेली, आणि मी, एवढं सगळं होऊनही, ती बांधून घेतली. हौसाबाईनं अर्धी चळत डोक्यावर घेतली. नाही म्हटलं तरी ऐकेना. गाडीत समोरासमोर बसलो तेव्हा मधल्या जागेत ती मासिकं होती, पिवळी, राखी, निळी.

तिनं एक उचलून उघडलं, आतल्या आकृत्या बघितल्या, आणि विचारलं की ह्यातलं तुमास्नी किती वाचता येतं? मी म्हटलं, फार थोडं, आणि वाचता येतं ते समजत नाही.

"मग कुटलं कंचं, कसं वळखता?"

रंगावरून, म्हटलं. जाडीवरून. वासावरून. कुठं फाटलंय, कुठं डाग आहे, त्यावरून.

तिनं तो अंक जिथं होता तिथं नीट ठेवला, वरून हात फिरवला. रागावली नव्हती. तासगावकडची कोरडी रानं खिडकीतून मागं जात होती, तिकडं बघत म्हणाली, "मग तुमास्नी तरी कळाया पायजे हुतं, दादा."